पोवळं पांढरं पडलं, आता काय? : घरच्या टाकीतलं निदान

(दिवा इथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



लोकलमधून उतरून घरी आल्यावर चहाच्या आधी टाकीसमोर जाऊन उभी राहणारी माणसं आज इथे बरीच दिसताहेत. त्यामुळे प्रस्तावना न करता विषयालाच हात घालू. खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळणारे आम्ही काही जण एकमेकांना मदत करतो, तेव्हा सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न एकच असतो : "पोवळं पांढरं पडलंय, कोणतं औषध टाकू?" आमचं उत्तर दर वेळी असं की, औषधाचं नाव नंतर. ते पांढरं कसलं पांढरं आहे, ते आधी बघू. आजचं सगळं बोलणं या एका मुद्द्याभोवतीच आहे.

आधी प्राणी ओळखू या. पोवळं म्हटलं की आपल्याकडे अंगठी आठवते. मंगळासाठी सोनार जो लाल खडा बसवून देतो, तोही समुद्रातल्या एका प्राण्याचाच सांगाडा. आपल्या टाकीतली पोवळी, म्हणजे दुकानात आपण ज्यांना कोरल म्हणतो ती, त्याची लांबची भावंडं. पोवळं म्हणजे पॉलिप नावाच्या छोट्या प्राण्यांची वसाहत. प्रत्येक पॉलिपला एक तोंड, तोंडाभोवती दोऱ्यांसारख्या स्पर्शिका, आणि त्यांत डंख मारणाऱ्या पेशी. कडक पोवळी स्वतःखाली चुनखडीचा पांढरा सांगाडा रचत जातात आणि त्या सांगाड्यावर मांसाचा पातळ थर असतो. त्या थरात सूक्ष्म शैवालं राहतात. ती प्रकाशावर अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा पोवळ्याला देतात. टाकीत दिसणारा तपकिरी रंग या भाडेकरूंचा. हिरवा, निळा, जांभळा हे बहुतेक पोवळ्याचे स्वतःचे.

म्हणजे तीन गोष्टी झाल्या : सांगाडा, मांस, शैवाल. या तिघांपैकी काय गेलं, हे कळलं की निम्मं निदान झालं.

तीन प्रकारचं पांढरं

पहिला प्रकार : शैवाल गेलं, मांस शाबूत. याला विरंजन किंवा ब्लीचिंग म्हणतात. मांस पारदर्शक होतं आणि आतला सांगाडा काचेतून दिसावा तसा दिसतो. पोवळं जिवंत असतं. रात्री दिवे बंद झाल्यावर तासाभराने टॉर्च मारून बघा. स्पर्शिका बाहेर आलेल्या दिसतील. हे पोवळं उपाशी आहे, मेलेलं नाही.

दुसरा प्रकार : मांसच गेलं. इथे जिवंत भाग आणि पांढरा भाग यांच्यामध्ये कापल्यासारखी स्पष्ट रेघ दिसते. पांढऱ्या भागावर पॉलिप नसतात, नुसती खडबडीत घरं उरतात. काही दिवसांत त्यावर हिरवट-तपकिरी शेवाळ चढतं. जिवंत मांस स्वतःवर शेवाळ चढू देत नाही, त्यामुळे शेवाळ चढलं तर शंकेला जागाच नाही.

तिसरा प्रकार : वाढीचं पांढरं. ॲक्रोपोराच्या फांद्यांची टोकं आणि मॉन्टिपोराच्या पसरट कडा पांढुरक्या असतात, कारण तिथे नवी वाढ चालू असते आणि शैवालं अजून तिथवर पोचलेली नसतात. हे तब्येत उत्तम असल्याचं लक्षण. पण नेमकं याच पांढऱ्यावर उपचार केले जातात आणि धडधाकट पोवळं आजारी पडतं.

बघताना एक पथ्य पाळा. निळ्या एलईडीखाली सगळंच झकास चमकतं. त्यात आजार दिसत नाही. पांढरा दिवा लावा, पंप पाच मिनिटं बंद करा, आणि रोज त्याच जागेवरून, त्याच उजेडात मोबाइलवर फोटो काढा. "कालपेक्षा जास्त वाटतंय" या वाक्याला निदानात किंमत नाही. दोन फोटो शेजारी ठेवले की असते.

कुठून, किती वेगाने, कुणाकुणाला

आता डॉक्टर रोग्याला विचारतात तसे तीन प्रश्न.

कुठून सुरू झालं? वरचा भाग फिकट आणि खालचा सावलीतला भाग ठीक असेल, तर प्रकाशाकडे बघा. नवा दिवा लावलात का? जुन्याची तीव्रता वाढवलीत का? तळाजवळची खडकावरची वसाहत उचलून वर ठेवलीत का? बुंध्यापासून वर मांस सरकत चाललं असेल, तर पाण्यातला दीर्घकाळचा बिघाड किंवा बुंध्याशी लपलेली कीड. एकाच बाजूला जखम असेल, तर शेजारी कोण बसलंय ते पाहा. गॅलेक्सियासारखी पोवळी रात्री लांबलचक स्पर्शिका सोडून शेजाऱ्याला भाजून काढतात, आणि दिवसा साळसूद दिसतात. पंपाचा थेट झोत एका बाजूवर आदळत असेल तरी असंच होतं. मधेच कुठेतरी गोल-गोल ठिपके असतील, तर ते बहुधा चावे आहेत.

किती वेगाने? फांद्याच्या फांद्या काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत सोलल्यासारख्या होत असतील, तर मोठा धक्का बसलाय असं समजा. आठवड्याला काही मिलिमीटर सरकत असेल, तर कारण जुनं आणि चालू आहे.

कुणाकुणाला? हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. सगळीच पोवळी एकाच दिवशी मिटली, तर कारण सगळ्यांना सामाईक असणार : तापमान, खारटपणा, वीज, विष. एकाच जातीची आजारी असतील, तर त्या जातीची कीड. एकच वसाहत आजारी असेल, तर तिची जागा. आणि मासे ठणठणीत, पण गोगलगायी उलट्या पडल्यात, कोळंबी दिसेनाशी झाल्येत, असं असेल तर तांब्याचा संशय घ्या. माशांना सहन होणारं तांबं या बिनकण्याच्या प्राण्यांना मारतं.

पाणी मोजायचं, या क्रमाने

पहिलं तापमान. २५ ते २६ अंश सेल्सिअस उत्तम. २४ ते २७ च्या आत राहिलं तर चालतं. स्वस्त डिजिटल थर्मामीटर एक-दोन अंश सहज चुकतो, म्हणून दोन ठेवा.

दुसरा खारटपणा. हजारी ३५ भाग. काट्याच्या प्लास्टिक हायड्रोमीटरवर विसंबू नका. रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि तो ३५ च्या प्रमाणित द्रावणाने जुळवून घ्या. नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य दाखवतो म्हणून ३५ वरही बरोबरच दाखवेल, असं नसतं.

इथे एक हिशेब करू. टाकीत २०० लिटर पाणी आहे. उन्हाळ्यात पंख्याखाली दिवसाला ४ लिटर उडतं, असं धरा. उडतं ते पाणी. मीठ मागेच राहतं. तीन दिवस गावाला गेलात, १२ लिटर उडालं, तर ३५ चा खारटपणा ३७ च्या पुढे जातो. परत आल्यावर घाईने मीठ कालवलेलं पाणी भरलंत, तर तो तिथेच अडकतो. भर घालायची ती गोड्या, शुद्ध पाण्याची. आणि चूक दुरुस्त करायची ती दिवसाला साधारण एका अंकाने, हळूहळू.

तिसरी अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं माप. पोवळं सांगाडा यातूनच बांधतं. समुद्रात ती ७ डीकेएचच्या आसपास असते. टाकीत ७ ते ९ च्या दरम्यान कुठेही चालते. पण जिथे आहे तिथे ती स्थिर हवी. ॲक्रोपोराचं मांस बुंध्यापासून सुटू लागलं की आम्ही पहिली शंका हिचीच घेतो. आणि तिचा झटका बहुतेकदा पाणी बदलताना बसतो. समजा टाकीत ७.५ आहे आणि नव्या मिठाच्या पाण्यात ११.५. तुम्ही ३० टक्के पाणी बदललंत, की टाकी अर्ध्या तासात ८.७ वर. "मी तर पाणी बदलून चांगलंच केलं" असं आपण म्हणतो. पोवळ्याला मात्र तो धक्काच असतो. म्हणून नवं पाणीसुद्धा टाकण्याआधी मोजा, आणि फरक मोठा असेल तर १० टक्क्यांवर थांबा.

त्यानंतर कॅल्शियम, ४०० ते ४५०. मॅग्नेशियम, १२५० ते १३५०. हे एका रात्रीत बिघडत नाहीत. मग नायट्रेट आणि फॉस्फेट. आपल्या मनात पक्कं बसलंय की दोन्ही शून्य म्हणजे स्वच्छ टाकी. तसं नाही. शैवालांनाही खत लागतं. नायट्रेट २ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ इतकं हवंच. दोन्ही शून्यावर गेले की पोवळी फिकी पडतात, आणि त्यात अल्कलिनिटी चढी असेल तर ॲक्रोपोराची टोकं जळतात. उलट, दोन्ही फार वाढले की शैवालं माजतात आणि रंगीत पोवळं मातकट तपकिरी होतं. शेवटी, टेस्ट किटच्या बाटलीवरची तारीख वाचा. मुदत संपलेलं किट आकडा तर देतंच, पण चुकीचा.

दिव्यातलं पाणी, दिव्यातली वीज

पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या नळाला चोवीस तास पाणी असतं. आपलं तसं नाही. आज नळाचं, उद्या टँकरचं, परवा बोअरचं. एकाच सोसायटीच्या टाकीत तिन्हींची खिचडी. त्यामुळे निदान करताना "गेल्या पंधरा दिवसांत पाणी कुठून आलं?" हा प्रश्न आपल्याकडे विचारावाच लागतो.

स्वयंपाकघरातलं आरओ वापरत असाल, तर एक लक्षात घ्या. त्यातल्या बहुतेकांत टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असतं. पिण्याच्या पाण्याला चव यावी म्हणून ते मुद्दाम क्षार मिसळतं. आपल्याला बेचव पाणीच हवं. टीडीएस मीटर लावा. आकडा शून्याच्या जवळ नसेल, तर आरओनंतर डीआय रेझिन लावावं लागेल.

पाणीटंचाईत एसीच्या नळीचं पाणी बादलीत साठवून टाकीत टाकायचा मोह होतो. "ते तर वाफेचं पाणी, शुद्धच!" अनेक एसीची कॉइल तांब्याची असते आणि पाणी तिच्यावरूनच ठिबकतं. झाडांना घाला, फरशी पुसा, टाकीत नको. तीच गोष्ट खाडीच्या पाण्याची. खाडी दाराशी आहे, पाणी खारं आहे, फुकट आहे. पण तिचा खारटपणा भरती-ओहोटीला बदलतो, पावसाळ्यात पार उतरतो, आणि शहराचं सांडपाणी तिच्यात येतं. ते पोवळ्याचं पाणी नव्हे.

विजेचं म्हणाल, तर वीज गेल्यावर पोवळ्यांना पहिला त्रास अंधाराचा नसतो, तो साचलेल्या पाण्याचा असतो. पंप थांबले की पाणी हलत नाही, प्राणवायू उतरतो, तापमान चढतं. बॅटरीवर चालणारा एक साधा एअर पंप घरात हवाच. महागड्या औषधांपेक्षा तोच जास्त पोवळी वाचवतो. एप्रिल-मे महिन्यात पाण्यावर पंखा लावला की पाणी दोन-तीन अंश उतरतं. पण पावसाच्या आधी हवा दमट होते तेव्हा बाष्पीभवन मंदावतं आणि तोच पंखा तोकडा पडतो. त्यामुळे मेअखेरीस "काहीच बदललं नाही, तरी पोवळी फिकी पडली" अशी तक्रार आली, तर बदललेली गोष्ट हवा आहे. तुमचा हात त्यात नाही.

कीड, जेली आणि हातमोजे

पाण्याचे आकडे बरोबर आले आणि आजार एकाच जातीत असेल, तर आता भिंग काढा. ॲक्रोपोरावर चपटे कृमी असतात; ते पोवळ्याच्याच रंगाचे, म्हणून दिसत नाहीत. दिसतात ते त्यांचे चावे आणि बुंध्याशी चिकटवलेली तपकिरी अंडी. मॉन्टिपोरा खालून खाणाऱ्या पांढऱ्या, झालरीच्या छोट्या गोगलगायी असतात. वसाहत वेगळ्या भांड्यात बुडवून काढता येते, कीड गळून पडते. पण अंड्यांवर त्या द्रावणाचा परिणाम होत नाही. ती खरवडावी लागतात आणि काही दिवसांच्या अंतराने पुन्हा बुडवावं लागतं. नवं पोवळं आणलं की थेट मोठ्या टाकीत सोडू नये, ते याचसाठी.

युफिलियावर तपकिरी, चिकट, घाण वास येणारी जेली दिसली, तर मात्र वाट पाहू नका. पंप बंद करा, म्हणजे तुकडे पसरणार नाहीत. नळीने जेली ओढून बाहेर काढा, आजारी डोकं कापून वेगळं करा, उरलेलं दुसऱ्या भांड्यात ठेवा.

आणि आता माणसाच्या जिवाची गोष्ट. झोअँथस आणि विशेषतः पॅलिथोआ या बटणांसारख्या पोवळ्यांमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असू शकतं. १९७१ मध्ये हवाईतल्या अशाच एका पॅलिथोआतून ते शुद्ध स्वरूपात वेगळं काढलं गेलं. परदेशात असे खडक उकळत्या पाण्याने साफ करताना वाफेतून अख्ख्या कुटुंबाला विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणून हातमोजे आणि चष्मा घालूनच कापायचं, खडक कधीही उकळायचा नाही, आणि लहान मुलांना त्या वेळी त्या खोलीत ठेवायचं नाही.

मग उपचार काय?

एका वेळी एकच बदल. प्रकाश कमी केलात, तर निदान आठवडाभर दुसरं काही करू नका. प्रकाश, पाणी, औषध, खाद्य, सगळं एकाच रविवारी बदललंत, तर बरं कशाने वाटलं आणि बिघडलं कशाने, हे कधीच कळणार नाही. अपवाद दोनच : विषाचा संशय आणि झपाट्याने सुटणारं मांस. विषाचा संशय असेल, तर सक्रिय कोळसा लावा आणि जुळवून घेतलेल्या पाण्याने पाणी बदला. झपाट्याने सोलणाऱ्या वसाहतीची निरोगी टोकं रेघेच्या बरीच वर कापून वेगळी लावा. टोकं वाचली तर वसाहत पुन्हा उभी राहते.

टाकीबाहेरची पोवळी

हे सगळं इतक्या बारकाईने का करायचं? कारण आपल्या टाकीत मेलेल्या प्रत्येक पोवळ्याच्या जागी आपण दुसरं आणतो आणि ते कुठून तरी येतं. २००१ पासून भारतातली कडक पोवळी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. आपल्या समुद्रातून पोवळं काढणं, विकणं, बाळगणं गुन्हा आहे. फिरायला गेल्यावर आठवण म्हणून उचललेला सांगाडासुद्धा यात येतो. जगातली सगळी दगडी पोवळी सायटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, आणि २०२२ च्या दुरुस्तीने तो करार आपल्या कायद्यात आला. तेव्हा कागद मागा. कागद नसतील, तर पोवळं कितीही स्वस्त मिळत असलं तरी परत फिरा.

पोवळी आपल्यापासून लांब आहेत असंही नाही. मुंबईत किनारी रस्त्याचं काम चालू असताना वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर ती सापडली आणि २०२० मध्ये त्यांच्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे हलवल्या गेल्या. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास ती आहेत. तिथलं सागरी अभयारण्य १९८७ चं. तिथेही विरंजन नोंदवलं गेलंय. समुद्र उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानाच्या एखादाच अंश वर गेला आणि काही आठवडे तिथेच राहिला, तरी हे घडतं. एप्रिल २०२४ मध्ये चौथं जागतिक विरंजन जाहीर झालं. टाकीतल्या मोजपट्टीवर एक अंश किरकोळ वाटतो. समुद्रात तो किती मोठा असतो, हे आपल्याला इतरांपेक्षा लवकर कळायला हवं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.

प्रश्नोत्तरं

*एक ताई : सगळी किट परवडत नाहीत. तीनच गोष्टी घ्यायच्या तर कोणत्या?*

थर्मामीटर, रिफ्रॅक्टोमीटर, अल्कलिनिटीचं किट. बहुतेक अडचणी या तिघांत सापडतात. पुढे जमेल तसं फॉस्फेट आणि नायट्रेट घ्या. चौथी गोष्ट फुकट आहे : एक वही. तारीख, आकडा, आणि त्या दिवशी टाकीत काय केलंत ते लिहा. पाणी टँकरचं होतं का, तेही लिहा.

*एक काका : दुकानात अँटिबायोटिक टाकायला सांगतात. टाकावं का?*

मोठ्या टाकीत नाही. जे जिवाणू अमोनिया पचवून टाकी चालवतात, ते त्यात मरू शकतात. फ्लोरिडाच्या समुद्रात २०१४ पासून दगडी पोवळ्यांचं मांस गळण्याचा मोठा आजार आहे आणि तिथे ॲमॉक्सिसिलिन वापरलंही जातं. पण ते लेपासारखं, फक्त जखमेच्या कडेवर, जाणकारांच्या हाताने. आपण आजाराचं नाव न ठरवता २०० लिटरमध्ये गोळ्या विरघळवणं, ही वेगळी गोष्ट झाली.

*एक मुलगी, कॉलेजात शिकणारी : माझं पोवळं पूर्ण पांढरं झालंय. टाकून देऊ?*

रात्री टॉर्चने पाहिलंस का? स्पर्शिका येतात? येतात म्हणतेस, तर टाकू नकोस. ते पहिल्या प्रकारचं पांढरं आहे. दिवा थोडा मंद कर, तापमान २५-२६ वर धरून ठेव, आठवड्यातून दोनदा रात्री अगदी बारीक खाद्य दे. रंग परत यायला आठवडे लागतील, कधी काही महिनेही. रविवारी त्याच जागेवरून फोटो काढ आणि पुढच्या महिन्यात चारही फोटो घेऊन ये. आपण मिळून बघू.